वजा झालेली मुलं

पहिलीच्या मुलांना वजाबाकी शिकवायला फार तर अर्धा तास लागतो, असं बंधुराजांनी जाहीर केलं तेव्हा ते आपल्या ताईच्या घरी जेवायला बसले होते आणि त्यांच्या हनुवटीवर दह्याचा ठिपका होता. ज्ञान सांगताना बंधुराजांना असल्या ठिपक्यांचं भान राहत नसे.

ताई एका लहानशा प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. ती आपल्या या भावाला अजून 'छोट्या' म्हणत असे. पण पंचेचाळिशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या आणि 'आम्ही प्रशिक्षक मंडळी' अशी वाक्याची सुरुवात करणाऱ्या माणसाला आपण छोट्या म्हणणं बरं दिसणार नाही. शाळेचा कारकून त्यांना 'मॅडमचे बंधुराज' म्हणे, तेच आपण चालवून घेऊ.

बंधुराज पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत विक्रेत्यांना प्रशिक्षण देत. म्हणजे थंडगार खोलीत वीस-पंचवीस जणांना उभं करून 'माझ्या आतला पंप चालू आहे' असं ओरडायला लावत. पंपांचा खप होता तिथेच राहिला. विक्रेते मात्र एका तालात टाळ्या वाजवायला शिकले. मग कंपनीने बंधुराजांना कमी केलं. बंधुराज याला 'मी स्वतःला मोकळं केलं' असं म्हणत. तेव्हापासून ते घरी होते आणि दिसेल त्याला त्याचाच धंदा समजावून सांगत होते. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस पान्हा तिथेच टाकून निघून गेला होता. दातांच्या डॉक्टरने तर त्यांच्या तोंडात गरजेपेक्षा बराच जास्त वेळ कापूस ठेवला होता.

तर विषय निघाला तो असा. पहिलीच्या बाई जिन्यावरून घसरल्या, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि वर्ग ताईच्या गळ्यात पडला.

"बेरीज येते रे पोरांना," ताई म्हणाली. "वजाबाकीला गाडी अडलीय. आठातून तीन गेले तर किती, असं विचारलं की निम्मी पोरं अकरा म्हणतात आणि निम्मी आठच म्हणतात."

"अडणारच. तुम्ही त्यांना बाटल्यांची बुचं मोजायला लावता. बुचं, मणी, काड्या. अश्मयुग आहे हे, ताई." बंधुराजांनी चमचा उंचावला. "माणसाने माणसातून शिकायला हवं. मूल हीच संख्या. मुलं येतात ती बेरीज, मुलं जातात ती वजाबाकी. जिवंत गणित. अर्धा तास दे मला."

बंधुराजांची बायको औषधांच्या दुकानात काम करायची आणि सध्या घर तिच्या पगारावर चाललं होतं. ती ताटातून वर न बघता म्हणाली, "आधी आपल्या घरी दारामागची कचऱ्याची पिशवी वजा करा. परवापासून तिथेच उरलीय."

बंधुराजांनी हे ऐकलं नाही. बायकोचं न ऐकण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ताई 'बरं' म्हणाली. एक तर वर्गावर उभं राहायला दुसरं माणूस नव्हतं. आणि आपल्या भावाची हौस एकदा फिटलेली बघावी, असंही तिला बऱ्याच वर्षांपासून वाटत होतं. शिवाय सोमवारी शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष यायचे होते. अध्यक्षांचं रंगांचं मोठं दुकान. दुकानात जो रंग खपत नसे तो शाळेच्या भिंतींना लागत असे, त्यामुळे पहिलीचा वर्ग एका बाजूने गढूळ पिवळा आणि दुसऱ्या बाजूने औषधासारखा गुलाबी होता. या अध्यक्षांना आपल्या संस्थेसाठी एक शैक्षणिक सल्लागार हवा होता. सल्लागाराला केबिन मिळणार होती. बंधुराजांना हे कळल्यापासून ते स्वप्नातसुद्धा फिरत्या खुर्चीत बसू लागले होते.

सोमवारी बंधुराज टाय लावून शाळेच्या फाटकाशी आले. वॉचमनने त्यांना अडवलं.

"कोण आपण? कुणाकडे काम आहे?"

"मी मॅडमचा भाऊ. आजपासून ओळख ठेवा. माझी माणसं, माझं सामान, माझी मुलं, कुणालाही थांबवून प्रश्न विचारायचे नाहीत. प्रश्न विचारणं हे तुमचं काम नाही. दार उघडणं हे तुमचं काम."

वॉचमन मान डोलावून बाजूला झाला. असा अपमान गिळणाऱ्या माणसाच्या आज्ञाधारकपणापासून सावध राहावं, हे बंधुराजांना माहीत असायला हवं होतं. पण पंपवाल्यांना ते तसलं काही शिकवत नसत.

वर्गात वीस मुलं होती. ताईने हजेरीचं पुस्तक पुढे केलं, ते बंधुराजांनी हाताने बाजूला सारलं. "नावं पाठ करणं हे कारकुनाचं काम. मी संकल्पनेवर काम करतो." ताई अध्यक्षांची वाट बघत ऑफिसात जाऊन बसली आणि बंधुराजांनी मुलांना रूपावरून ओळखायला सुरुवात केली. पहिल्या बाकावर एक चष्मेवाली होती. तिच्या बाजूला पुढचे दात पडलेला दातपडक्या होता. मागे एक मुलगा होता, ज्याचे केस डोळ्यांवर आले होते आणि जो शर्टाचं वरचं बटण तोंडात धरून चघळत होता. त्याला बंधुराजांनी बटण असं नाव दिलं.

बुचांचा डबा त्यांनी कपाटावर, कुणाचाही हात पोचणार नाही असा ठेवला.

बेरीज झकास झाली. तीन मुलं पुढे आली, दोन त्यांना मिळाली, पाच झाली. चार आणि दोन सहा झाली. किरकोळ तक्रारी आल्या, एक मुलगी म्हणाली, "मला त्याच्यात मिळवू नका, तो चावतो." दातपडक्याला पुढे उभं राहणं इतकं आवडलं की तो प्रत्येक बेरजेत आपण होऊन मिसळू लागला आणि चार अधिक तीन आठ यायला लागले. पण एकंदरीत मुलं खूश होती आणि बंधुराजांना केबिनचं दार दिसू लागलं होतं.

"आता वजाबाकी," ते म्हणाले. पाच मुलं पुढे उभी केली. "यातली तुम्ही दोघं जा."

दोघं गेली आणि आपल्या बाकावर बसली.

"किती उरली?"

"पाच," वर्ग म्हणाला.

"पाच कशी? दोन गेली ना?"

"कुठे गेली?" चष्मेवालीने विचारलं. "ती काय तिथे बसलीत."

बंधुराज हसले. मठ्ठ विक्रेत्यांसाठी राखून ठेवलेलं हसू होतं ते. "बरं. तुम्ही दोघं वर्गाच्या बाहेर जा. हां. आता किती?"

"पाच," चष्मेवाली म्हणाली. "ती दारात आहेत. तो बघा हात हलवतोय."

खरं तर मुलीचा प्रश्न साधासुधा नव्हता. आठातून तीन गेले तर ते तीन जातात कुठे, हे मोठी माणसं विचारत नाहीत, कारण तोवर त्यांना पुष्कळ काही गेल्याची सवय झालेली असते. सहा वर्षांच्या माणसाला ती नसते. एखादी जाणती बाई या प्रश्नापाशी थांबली असती. बंधुराज थांबले नाहीत. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या प्रशिक्षणात कुठेच बसत नव्हतं.

"हे बघा," ते कमरेवर हात ठेवून म्हणाले. "वजा म्हणजे वजा. गेला म्हणजे गेला. दिसता कामा नये, ऐकू येता कामा नये. तुम्ही दोघं, लांब जा."

"कुठे जाऊ, सर?"

"वजा झालेल्याने विचारायचं नसतं."

"मग परत कधी यायचं?"

"वजा झालेले परत येत नाहीत."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून काढलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. तोवर दारातली दोन डोकी नाहीशी झाली होती.

"आता किती?"

चष्मेवालीने उठून दाराबाहेर दोन्ही बाजूंना बघितलं. "तीन," ती म्हणाली. मग सगळा वर्ग म्हणाला, "तीन." बंधुराजांच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत त्यांनी शिकवलेलं काहीतरी पहिल्यांदाच कुणाला तरी आलं होतं.

इथे थांबायचं. पण यश चाखलेला माणूस आणि बरणीत डोकं घातलेलं मांजर, दोघांनाही मागे कसं यायचं ते कळत नाही. आठातून तीन गेले. सातातून चार गेले. आता वजा व्हायला रांग लागली. "सर, मला करा, सर, मला करा," असा गलका उठला. पंपवाल्यांमध्ये हा उत्साह बंधुराजांनी कधी पाहिला नव्हता. भर वर्गातून सुटायला मिळतंय म्हणून पोरं उड्या मारत असतील, ही शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. सहातून पाच गेले, त्यात दातपडक्या होता आणि बटणही होतं. बटणाने जाताना एकदा मागे वळून बघितलं, काहीतरी विचारावंसं वाटलं बहुतेक, पण वजा झालेल्याने विचारायचं नसतं.

तेवढ्यात ताई अध्यक्षांना घेऊन आली.

अध्यक्ष दारात उभे राहिले. गढूळ पिवळ्या भिंतीपासून गुलाबी भिंतीपर्यंत त्यांनी नजर फिरवली. मधे बरेच बाक होते आणि सहा मुलं होती. मग त्यांनी फळा वाचला.

"बाकीची मुलं?" त्यांनी विचारलं.

"वजा झाली," सहाही जणांनी एका सुरात सांगितलं.

"वर्गात आहेत किती एकूण?"

"वीस," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

बंधुराजांनी ही संधी सोडली असती तर ते बंधुराज कसले. ते मुलांकडे वळले. "वीस होती, सहा उरली. तर गेली किती?"

चष्मेवालीने डोळे मिटले, ओठ हलवले, बोटं मिटली-उघडली. "चौदा."

"बघितलंत?" बंधुराज अध्यक्षांना म्हणाले. "विसांच्या आतली वजाबाकी. एकही बूच न वापरता."

"छोट्या," ताई म्हणाली. परक्यांसमोर ती त्यांना कधी छोट्या म्हणत नसे. "मुलं कुठे आहेत?"

बंधुराजांनी तोंड उघडलं. हाच प्रश्न पहिल्या बाकावरून मघाशी आला होता. तो त्यांना ऐकू मात्र आत्ता आला.

मग जी पळापळ झाली तिचं वर्णन करायचं तर कारकुनापासून सुरुवात करावी लागेल, कारण तो आयुष्यात पहिल्यांदाच खुर्ची सोडून धावला. ऑफिसला कुलूप लावून धावला, हे पुढे महत्त्वाचं ठरलं. ताई तिसरीच्या वर्गात गेली, तिथे पहिलीची तीन मुलं मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती. एकीची मोठी बहीण त्या वर्गात होती. तिसरीच्या बाईंना वाटलं, मॅडमनी पाठवली असतील. त्या पोरांना पाढ्यांमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तसं तिसरीतल्या बऱ्याच जणांना कळत नव्हतं, त्यामुळे ती उठून दिसली नाहीत. पाण्याच्या टाकीमागे चार मुलं चिखलाची भिंत बांधताना सापडली.

बंधुराज अडगळीच्या खोलीपाशी आले. आत गुंडाळून ठेवलेल्या चटयांच्या मागून कुजबुज ऐकू येत होती.

"कोण आहे तिथे?"

कुजबुज बंद झाली. मग एक बारीक आवाज म्हणाला, "कुणी नाही."

"बाहेर या. मी सर आहे."

"आम्ही परत येत नाही," आवाज म्हणाला. "आम्ही गेलोय."

"आता बेरीज आहे, बाळांनो. या."

"आधी फळ्यावरचं पुसा."

बंधुराजांना धावत जाऊन फळा पुसून यावं लागलं. नुसतं सांगून भागलं नाही. खडूने माखलेले हात चटयांच्या फटीतून दाखवावे लागले. मग ती दोघं बाहेर आली.

उरली पाच. ती फाटकातून गेली होती.

"हो, गेली," वॉचमन म्हणाला. "रजा दिली म्हणाली."

"रजा नव्हे. वजा म्हणाली असतील."

"पुढचे दात पडलेलं पोरगं होतं. मला रजा ऐकू आलं."

"अहो, मग विचारायचं नाही? एवढीशी मुलं, एकटी..."

"प्रश्न विचारणं माझं काम नाही, साहेब. सकाळीच सांगितलंत आपण." वॉचमनने खिशातून रुमाल काढून शांतपणे तोंड पुसलं. त्याचा सोमवार फार चांगला चालला होता.

बंधुराज काही बोलणार एवढ्यात समोरच्या गल्लीतून दातपडक्या येताना दिसला. त्याचा दंड त्याच्या आईने धरला होता. तिच्या दुसऱ्या हातात उलथनं होतं, आणि ते ठेवून यायचं तिच्या लक्षात राहिलं नसावं.

"माझ्या मुलाला कमी केलं म्हणे," ती म्हणाली. "पहिलीत. का? काय केलं त्याने?"

"कमी म्हणजे तसं कमी नव्हे, बाई. वजा..."

"वजा काय, कमी काय. घरी पाठवलाच ना? आणि परत यायचं नाही म्हणून सांगितलंत. याने सांगितलं मला. फळ्यावर लिहिलं होतंत."

तिच्यामागून आणखी एक मुलगी आपल्या आजोबांना ओढत आली, आणि मग एक बाप आपली जुळी घेऊन आला. तो रात्रपाळीचा कामगार होता, झोपेतून उठून आल्यामुळे त्याचा शर्ट उलटा होता. "आमच्या आधीच्या कारखान्यात असंच सुरू झालं," तो जमलेल्यांना सांगू लागला. "आधी चार कमी केले. मग दहा. मग एक दिवस बघतो तर फाटकाला कुलूप."

"म्हणजे शाळा बंद करताय?" उलथनंवाली म्हणाली.

वीज जशी तारेतून जाते तशी ही बातमी गल्लीतून गेली. ज्यांची मुलं वर्गात सुखरूप बसली होती तेही आईबाप आले. ज्यांना मुलंच नव्हती असेही दोघे-तिघे आले. कुणीतरी मागून ओरडलं, "इमारतीत रंगांचं गोदाम करायचंय त्यांना."

हे कुणी गमतीने म्हटलं असेल. पण अध्यक्षांचा चेहरा पडला. "कुणी सांगितलं तुम्हाला?" ते म्हणाले. "अजून काहीही ठरलेलं नाही."

ताईने मान वळवून अध्यक्षांकडे बघितलं. गर्दीने बघितलं. वॉचमननेसुद्धा बघितलं. अध्यक्षांना आपण काय बोलून गेलो ते कळलं, पण बाटलीतून सांडलेला रंग परत भरता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पुढचा बराच वेळ ते फाटकाशी उभे राहून, घाम पुसत, गोदाम होणार नाही असं एकेका पालकाला शब्द देत राहिले.

एरवी बंधुराजांना या सगळ्यात भाषणाची संधी दिसली असती. पण ताई हजेरीचं पुस्तक घेऊन आली होती आणि मुलांना एका ओळीत उभं करून नावं पुकारत होती. शेवटच्या काही नावांशी ती थांबली. एक नाव तिने दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. कुणी 'हजर' म्हणालं नाही.

"एक नाही," ती म्हणाली.

बंधुराजांना त्या नावावरून काहीच आठवेना. "कसा दिसतो?"

"केस वाढलेले, डोळ्यांवर येतात. गप्प असतो. शर्टाचं बटण..."

"बटण," बंधुराज म्हणाले आणि पळत सुटले.

ते गल्लीतून पळाले, बाजाराच्या रस्त्याला लागले. मुलाचं नाव आत्ताच ऐकलं होतं, पण ते डोक्यातून पार उडालं होतं. नावं हे कारकुनाचं काम. त्यामुळे ते ज्या एका नावाने त्याला ओळखत होते त्याच नावाने हाका मारत सुटले. "बटण! ए बटण!"

शिवणकामाच्या सामानाच्या दुकानातल्या माणसाने मान बाहेर काढली. "कुठल्या रंगाचं?"

"काय?"

"रंग कुठला? दोन भोकांचं की चार?"

"नाही हो, ते... ते सहा वर्षांचं आहे."

"इतका जुना माल नाही ठेवत आम्ही," दुकानदार म्हणाला आणि आत गेला.

पुढे मोठा रस्ता होता. बंधुराज त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. मालट्रक जात होते, एकामागून एक, त्यांची चाकं बंधुराजांच्या छातीपर्यंत येत होती. त्या चाकांसमोर एक डोळ्यांवर केस आलेलं मूल उभं आहे असं त्यांना दिसलं, आणि मग ते चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना. केबिन, फिरती खुर्ची, जिवंत गणित, सगळं त्यांच्या डोक्यातून गळून पडलं. त्यांनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धाव घेतली, दोन दुकानांत, एका बँकेत आणि चुकून एका घराच्या स्वयंपाकघरात शिरले. टाय पाठीवर गेला होता. मूल कुठेच नव्हतं.

ते शाळेत परत आले आणि मुलांच्या हात धुवायच्या नळांपाशी, त्या बुटक्या कट्ट्यावर बसले. वर्गातली मुलं त्यांच्याभोवती येऊन उभी राहिली.

"सापडला?" चष्मेवालीने विचारलं.

बंधुराजांनी नकारार्थी मान हलवली.

"सर, वजा झालेले परत येत नाहीत," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना."

तेव्हा बंधुराज रडायला लागले. डोळ्यांच्या कडा पुसणं वगैरे नव्हे. खांदे हलवून, नाक ओढत, मोठ्याने रडले. मुलांनी मोठा माणूस असा रडताना पूर्वी पाहिला नव्हता. ती अगदी निरखून बघत होती. एकीने त्यांना आपला रुमाल दिला, तो आधीच बराच वापरलेला होता.

गर्दीतून एक नवीनच मुलगा पुढे आला. केस बारीक कापलेले, कान मोकळे, मानेवर पावडर. तो बंधुराजांसमोर उभा राहून बघू लागला.

"बाळ, बाजूला हो," बंधुराज हुंदके देत म्हणाले. "आम्ही एका मुलाला शोधतोय."

मुलगा बाजूला झाला. थोडा वेळ विचार करून त्याने नळाखाली वाकून बघितलं. मग कट्ट्यामागे बघितलं. तोही शोधायला लागला होता. कट्ट्यामागे कुणी सापडेना, तेव्हा तो उभा राहिला आणि त्याने शर्टाचं वरचं बटण तोंडात घातलं.

"सर," चष्मेवाली म्हणाली, "हाच तो."

बंधुराजांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं. गच्च धरलं. मुलाला ते आवडलं नसावं, पण त्याने बटण सोडलं नाही.

मुलाची आई ताईशी बोलून त्यांच्याकडे येत होती. बाजारामागे केस कापायचं एक दुकान होतं, ती तिथे कामाला होती. अंगावरचा एप्रन तसाच होता आणि त्यावर केस चिकटले होते. मोठा रस्ता ओलांडायचा नाही एवढं तिने मुलाला शिकवलेलं होतं, आणि तो न ओलांडता मागच्या बाजूने तिच्याकडे गेला होता.

"आला आणि म्हणाला, मी वजा," ती म्हणाली. "मी शाळेत फोन लावते, लावते, नुसती घंटी वाजतेय. कुणी उचलायला तयार नाही. शेवटी म्हटलं, खुर्ची रिकामी आहे, पोरगंही रिकामं आहे, केस तरी कापून घ्यावे." तिने बंधुराजांना टायपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीच का ते सर?"

बंधुराजांनी होकार दिला.

"तुमचेही वाढलेत. पण आज माझ्याकडे येऊ नका. आज कात्री हातात असली तर माझा भरवसा नाही."

यानंतर जे झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. अध्यक्षांना सल्लागाराची गरज वाटेनाशी झाली. सगळ्या पालकांसमोर शब्द दिल्यामुळे त्यांना गोदामासाठी दुसरी जागा बघावी लागली, आणि याबद्दल ताईने आपल्या भावाचे आभार मानायला हरकत नव्हती. पण तिने मानले नाहीत. घरी आल्यावर बंधुराजांनी बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने मधे एकदाही बोलायला तोंड उघडलं नाही, आणि ते त्यांना फार जड गेलं.

प्रकरण मिटवायला पालकांनी एकच अट घातली होती. या गृहस्थांनी वर्गात येऊन मुलांना नीट सांगावं की आपण सांगितलं ते चूक होतं. म्हणून त्या आठवड्यात एका सकाळी बंधुराज बिनटायचे शाळेत गेले. फाटकाशी त्यांनी वॉचमनला आपण होऊन नाव, पत्ता आणि कामाचं स्वरूप सांगितलं.

ताई बुचं घेऊन पहिलीला शिकवत होती. बंधुराज फळ्यापाशी उभे राहिले. वीसच्या वीस मुलं त्यांच्याकडे बघत होती.

"मुलांनो," ते म्हणाले, "वजा झालेली परत येतात. म्हणजे बुचं डब्यात जातात, आणि मुलं... मुलं कुठेच जात नाहीत. तुम्ही कुठेही जायचं नाही. सांगितलं तरी जायचं नाही."

"बरं," मुलं म्हणाली.

"छान," ताई म्हणाली. "आता सरांना दाखवू या आपल्याला काय येतं. आठातून तीन गेले तर काय होतं?"

बटणाने हात वर केला. या वर्गात त्याने हात वर केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ताईचा चेहरा उजळला. "सांग, बाळ."

त्याने तोंडातलं बटण काढलं, शर्टाला पुसलं आणि उभा राहिला.

"पाच उरतात," तो म्हणाला, "आणि सर रडतात."

"बरोबर?" ताईने वर्गाला विचारलं.

"बरोबर," सगळा वर्ग म्हणाला.

बंधुराजांनी ताईकडे बघितलं. ती आता मुलाला सुधारेल, निदान शेवटचा भाग तरी काढून टाकायला सांगेल, अशी त्यांना आशा होती. ताईने तीन बुचं उचलून डब्यात टाकली.

"उत्तर बरोबर आहे," ती म्हणाली. "खाली बस."

ती नक्की कुणाला म्हणाली ते न कळून बंधुराजही खाली बसले.